पिठीची अठरा नखं

दाखव बघू हात. हळद लावली ना ओरखड्यावर? मग झालं तर. आता मुळूमुळू रडायचं नाही, वेणू. आणि केतू, तू त्या मांजरीकडे डोळे वटारून बघू नकोस. "हिची सगळी नखं काढून टाका," म्हणे. बरं, काढू हं. पण आधी गोष्ट ऐका. पाय पांघरुणात घ्या.

एक होता राजा. पण त्याला आपण जरा बाहेर ओसरीवर बसवू. राजांना वाट बघायची सवय नसते, लागू दे थोडी. आधी हौसा.

हौसा होती विणकरीण. नदीच्या वळणावर तिचं घर होतं. घर म्हणजे काय, एकच खोली. खोलीत मोठा थोरला माग, आणि उरलेल्या जागेत हौसा. जमिनीत एक खड्डा होता. त्यात पाय सोडून बसायचं, समोर रेशमाचे धागे ताणलेले, आणि खट् खट् धोटा चालवायचा. हौसा शालू विणायची. काठावर वेल, पदरावर मोर. तिचे मोर असे असायचे की बघणाऱ्याला वाटावं, आता हा दाणे मागणार.

या हौसाची एक रीत होती, बरं का. सकाळी आंघोळ झाली की ती मागावर लगेच बसायची नाही. नदीतला एक काळा गुळगुळीत दगड होता, तिच्या आईचा. तो घेऊन ती उंबऱ्यात बसायची आणि दहाही बोटांची नखं त्याच्यावर घासायची. हळूहळू, एकेक करून. मग प्रत्येक नख स्वतःच्या गालावरून फिरवायची. गालाला कळलं, तर रेशमालाही कळणार. गालाला काही कळेनासं झालं, की मग मागावर. रेशमाचं असंच असतं. नखाचा एवढासा कंगोरा लागला तरी धागा ओढला जातो.

त्या घरात आणखी एक जण राहायची. पिठी. पांढरीशुभ्र मांजर, जणू तांदळाच्या पिठीत लोळून आलीय, म्हणून पिठी. सुताच्या गाठोड्यात बसून ती एकदा घरात आली, आणि गाठोडं सुटलं तरी गेली नाही. हौसाला ना मूल ना बाळ, ना आगा ना पिछा. दिवसभर बोलायचं कुणाशी? पिठीशी. पिठी उत्तर द्यायची नाही, पण कान इकडे करायची. तेवढं पुरतं माणसाला.

आणि पिठीला काम होतं हं, फुकट खात नव्हती ती. धाग्यांना ताठपणा यावा म्हणून विणकर भाताची खळ लावतात. उंदरांना रेशमाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना ती खळ हवी असते. खळ चाटता चाटता धागे कुरतडून टाकतात मेले. पण पिठी असताना त्या घरात उंदराची शेपूट दिसली नाही कधी.

आता राजाला थोडं आत घेऊ. म्हणजे राजा नको, त्याचा कारभारी येऊ दे. मोठं पागोटं, मोठं पोट. तो येऊन म्हणाला, "हौसाबाई, राजकन्येचं लग्न ठरलंय. शालू तुमच्या मागावरचा हवा. पदरावर पाच मोर." हौसाला काय आनंद झाला! तिनं लगेच धागे ताणले आणि कामाला बसली.

पण पिठीचीही एक रीत होती. तीसुद्धा सकाळी उठायची, अंग ताणायची, पाठीची कमान करायची, आणि मिळेल त्यात नखं रुतवून खर् खर् ओढायची. आजवर चटई होती, चटईचं काही वाटत नव्हतं. मग एक दिवस काय झालं, चटई वाळत घातली होती. पिठीनं पाहिलं, चटई नाही. मागावरचा शालू मात्र आहे. खर्! काठाचे चार धागे बाहेर आले. हौसानं कपाळाला हात लावला, पण धागे परत बसवले. मग दुसऱ्यांदा खर्! एक आख्खी बुट्टी विस्कटली. हौसानं दिवसभर बसून ती सारखी केली. मग तिसऱ्यांदा पिठी थेट मोराच्या मानेला भिडली. आठ दिवसांचं काम, बरं का, आणि दारात कोण उभं? कारभारी.

कारभारी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "मी पौर्णिमेला येतो. या घरात एक तर मांजर राहील, नाहीतर राजकन्येचा शालू. दोन्ही राहणार नाहीत. मांजर दिसली, तर शालू दुसऱ्याच्या मागावर जाईल, आणि दरबाराचं काम पुन्हा या दारात येणार नाही." आणि पागोटं सावरत निघून गेला.

पौर्णिमेला पंधरा दिवस होते. हौसाला शालूही सोडवेना आणि मांजरही. मग तिनं काय केलं, पिठीच्या चारी पायांना चिंध्या बांधल्या. पिठी पाण्यातून चालल्यासारखी पाय झटकत घरभर फिरली, आणि संध्याकाळपर्यंत चारी चिंध्या दातांनी सोडून मोकळी. मग हौसानं मागाच्या खांबांना मिरचीचं पाणी लावलं. पिठी शिंकली एकदा, हौसा शिंकत राहिली दिवसभर. मग शेजारची भागाबाई आली आणि म्हणाली, "अगं हौसा, वेडी का तू? घाल पोत्यात आणि दे सोडून नदीपलीकडे. मांजरं काय, पन्नास मिळतील."

हौसानं रात्रभर विचार केला. सकाळी पोतं घेतलं. पिठीला वाटलं खेळ आहे, आपणहूनच आत जाऊन बसली. आता काय सांगू तुम्हाला! पोत्याचं तोंड हौसानं दोनदा बांधून दोनदा सोडलं, आणि तिसऱ्यांदा बांधलं.

नदीच्या घाटावर एक म्हातारी बसली होती. हात पदराखाली घेतलेले, नजर पाण्यावर.

"पोत्यात काय गं?" म्हातारीनं विचारलं.

"मांजर."

"मेलेली?"

"नाही, जिवंत आहे."

"मग पोत्यात कशाला?"

हौसाला एकदम रडूच आलं. तिनं सगळं सांगितलं, मोराच्या मानेपासून पौर्णिमेपर्यंत. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग कमरेची एक पितळी डबी काढून पायरीवर ठेवली, कुंकवाची असते ना, तेवढीच. म्हणाली, "ती झोपली की तिच्या पंज्याला ही डबी टेकव, आणि म्हण,

ये रे नखा, बस रे नखा,
डबीत माझ्या नीज रे नखा.

नखं आपोआप आत येतील. दुखणार नाही, रक्त येणार नाही. फक्त झाकण लावायच्या आधी एकदा नीट विचार कर."

हौसानं नीट विचार केला का? छे! तिला वाटलं, मांजर राहिली, शालूही राहिला, आणखी काय पाहिजे? विणकरांना एक सवयच असते. कापडातून जे काही बाहेर डोकावेल, ते कातरीनं साफ कापून टाकायचं. दशी दिसली की काप, टोक दिसलं की काप. हौसाला पिठीची नखं तशीच वाटली, उगाच बाहेर आलेली टोकं. हौसा पिठीला घेऊन घरी आली. दुपारी पिठी उन्हाच्या कवडशात झोपली होती. हौसानं डबी टेकवली, गाणं म्हटलं. टिक, टिक, टिक, नखं डबीत पडली. पुढच्या पायांची पाच-पाच, मागच्यांची चार-चार. अठरा झाली ना? खोटं वाटत असेल तर सकाळी आपल्या मांजरीची मोजा. आत्ता नको, आत्ता ती झोपलीय.

आणि हौसानं झाकण लावलं.

पहिल्या दिवशी पिठीनं नेहमीसारखी कोनाड्यात उडी मारली. पोचली बरोबर, पण धरायला नखं नव्हती. धप्पकन खाली आली. तुम्ही पडलात की माझ्याकडे बघता ना, तशी ती हौसाकडे बघेल असं हौसाला वाटलं. पिठीनं हौसाकडे पाहिलं नाही. तिनं आपल्या पंज्याकडे पाहिलं, उलटून सुलटून. मग हळूच चाटला.

दुसऱ्या दिवशी उंदीर आले. त्यांना कोण सांगतं कुणास ठाऊक, पण कळतं बाई. पिठीनं झेप घेऊन एकाला पंज्याखाली दाबलं. उंदरानं वाट पाहिली. काहीच टोचेना, तेव्हा पाहुणा उठून निघतो तसा तो आरामात निघून गेला, आणि जाताना कोपऱ्यातले वीस धागे कुरतडून गेला.

तिसऱ्या दिवशी भागाबाईच्या अंगणात कुत्रं मागे लागलं. पिठी पळाली ती थेट कडुलिंबाकडे. चढली आणि घसरली, पुन्हा चढली आणि पुन्हा घसरली. कुत्र्यानं कान धरला. हौसा केरसुणी घेऊन धावली म्हणून बरं, नाहीतर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नसती. झोपताना अशी गोष्ट सांगत नाही मी.

फाटक्या कानाची पिठी मागाच्या खड्ड्यात जाऊन बसली. दूध नको, भात नको, हाक मारली तर कानही वळेना.

मग चौथी सकाळ उजाडली. हौसा उंबऱ्यात बसून काळ्या दगडावर नखं घासत होती. तेवढ्यात पिठी खड्ड्यातून बाहेर आली. अंग ताणलं, पाठीची कमान केली, मागाच्या खांबाशी उभी राहिली, आणि पुढचे दोन्ही पाय वर टेकवून खाली ओढले. आवाज आला नाही. पुन्हा ओढले. लाकडावर नुसता मऊ पंजा फिरत होता. तरी ती ओढतच राहिली.

हौसाचा हात दगडावर थांबला. अरे देवा, ती मनात म्हणाली, ही तर माझंच काम करतेय! मी कामाला बसायच्या आधी नखं सारखी करते, तशीच ही करते. मला दगड आहे, हिला काय दिलं मी? माझ्या नखांना कंगोरा आला, तर मी घासते, उपटून नाही टाकत. आणि हिची मात्र डबीत बंद केली.

ती डबी घेऊन धावतच घाटावर गेली. म्हातारी तिथंच.

"आजी, परत घ्या ही. माझ्या पिठीची नखं मला द्या."

म्हातारी म्हणाली, "डबी अशी उघडत नाही. नखं हवीत, तर बदल्यात नखं ठेवावी लागतात. तुझी दहा, तीन दिवस."

हौसा घाबरली. नखांशिवाय धाग्याचं टोक उचलता येत नाही. तीन दिवस माग बंद राहिला, तर पौर्णिमेपर्यंत मोराची मान कशी व्हायची? तिनं मान खाली घातली, आणि तेव्हा तिला म्हातारीचे हात दिसले. पदर वाऱ्यानं बाजूला झाला होता. त्या हातांच्या एकाही बोटाला नख नव्हतं.

"मीसुद्धा एकदा कुणाची तरी नखं काढून घेतली होती," म्हातारी म्हणाली. "परत द्यायला निघाले, तोवर घ्यायला कुणी उरलं नव्हतं."

कोण होतं ते? मांजर होती की माणूस? म्हातारीनं सांगितलं नाही, आणि हौसानं विचारलं नाही. तिनं फक्त दोन्ही हात पुढे केले.

डबी उघडली. तिची दहा नखं आत गेली, पिठीची अठरा सुटली. घरी येऊन हौसा बघते तर पिठी कोनाड्यात बसलेली, आणि दोन उंदीर उंबऱ्यात ओळीनं मांडून ठेवलेले.

पण हौसाची तऱ्हा काय वर्णावी! लसूण सोलायला घेतला तर साल निघेना. लुगड्याची गाठ ओल्यानं बसली ती सुटेना. पाठीला खाज आली तर नुसती मऊ बोटं फिरताहेत. आणि बोटांची टोकं अशी हुळहुळी झाली की धाग्याला हात लावला तरी झोंबायचं. भागाबाईनं लसूण सोलून दिला, गाठ सोडून दिली, वर चार शब्दही ऐकवले. "मांजरीपायी बाई हातची गेली," म्हणाली. पहिल्या दिवशी ती रडली, दुसऱ्या दिवशी मागाभोवती नुसती फिरत राहिली.

तिसऱ्या दिवशी काम नाही म्हणून उन्हात पिठीला मांडीवर घेऊन बसली. पिठीला डुलकी लागली. हौसानं तिचा पंजा हातात घेतला. नुसता धरला, बरं का, ओढला नाही. मऊ बोटांनी एक गादी हळूच दाबली. आणि काय आश्चर्य! आतून नख आपोआप बाहेर आलं. सोडलं की आत. पुन्हा दाबलं की बाहेर. इतकी वर्षं मांजर घरात, पण हौसानं तिचं नख असं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं ते उजेडात धरलं. टोकाला पांढरं, वाकडं, सुईसारखं. आणि आत मुळाशी एक गुलाबी रेघ, जिवंत, रक्ताची. आपल्या नखाखाली असतं ना गुलाबी, तसंच. हौसाच्या लक्षात आलं, धागा ओढतं ते फक्त हे एवढंसं टोक. बाकी सगळं नख बिचाऱ्या पिठीचं आहे, तिच्या उडीचं, तिच्या झाडाचं.

तिसरा दिवस मावळला आणि हौसाची नखं परत आली. तिनं पहिलं काम काय केलं असेल? पाठ खाजवली! मग दुसऱ्या दिवशी सकाळी मागाशेजारी एक जुना खांब पुरला, त्याला खालपासून वरपर्यंत सुंभ घट्ट गुंडाळलं. ती उंबऱ्यात दगड घेऊन बसली. पिठी आली. खांब हुंगला, हौसाकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं. मग पिठीनं सुंभात नखं रुतवली आणि खर् खर् खर् असं ओढलं की पोटभर जेवल्यासारखं तिचं तोंड झालं.

दुपारी झोपलेल्या पिठीचा पंजा हौसानं हातात घेतला. धागे कापायची छोटी कातर घेतली. टोक तेवढं कापलं, तिळाएवढं. गुलाबी रेघेच्या पुष्कळ अलीकडे. पिठीनं पाय ओढून घेतला. हौसानं सोडून दिला. धरून ठेवलं नाही, दामटलं नाही, वाट पाहिली. पिठीनं थोड्या वेळानं पाय परत मांडीवर टाकला, तेव्हा दुसरं नख. मग बशीत साय. बस्, त्या दिवशी दोनच. पुढच्या पायांची दहा नखं पाच दिवसांत झाली. मागची होती तशीच ठेवली, त्यांचा कुणाला त्रास नव्हता. आणि रोज मधल्या वेळात धोटा चालला, खट् खट् खट् खट्.

पौर्णिमा आली आणि पागोटं आलं. कारभारी आत येऊन बघतो तो मांजर मागाशेजारीच बसलेली.

"हौसाबाई! मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, कारभारी. पण शालूही आहे आणि मांजरही आहे. मोराच्या मानेला अजून दोन दिवस हवेत, तेही खोटं बोलत नाही. आधी एवढं करा, जरा बसा, आणि डोळे मिटा."

कारभाऱ्याला कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं आजवर. तो इतका गोंधळला की त्यानं मिटलेच. हौसानं पिठीला उचललं, गादी हळूच दाबली, आणि तिचा पंजा कारभाऱ्याच्या गालावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"झालं का सुरू?" कारभारी डोळे मिटूनच म्हणाला.

"झालं," हौसा म्हणाली. "तुमच्या गालाला कळलं नाही. रेशमालाही कळणार नाही."

कारभाऱ्यानं डोळे उघडले. समोर पांढरा पंजा, पंज्याच्या टोकाला नखं. मग त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "दोन दिवस म्हणालात ना? घ्या चार." आणि जाताना पिठीच्या फाटक्या कानामागे, कुणी बघत नाही असं पाहून, हळूच खाजवून गेला.

बरं, तो राजा अजून ओसरीवर बसलाय. बोलवा त्याला. त्यानं लेकीचं लग्न थाटात केलं. राजकन्येनं शालू नेसला, पाचही मोर मान उंचावून होते. ती सासरी निघाली तेव्हा तिनं हौसाकडे एकच गोष्ट मागितली, पिठीला तोवर पिल्लं झाली होती, त्यातलं एक. हौसानं पिल्लू दिलं. बरोबर नदीतला एक काळा दगड आणि सुंभाचं एक वेटोळंही दिलं, आणि सांगितलं, "हा तुझ्यासाठी, हे तिच्यासाठी. रोज सकाळी दोघी बरोबर बसत जा."

मग हौसा घाटावर गेली. म्हातारी तिथंच होती. हौसानं तिला काही विचारलं नाही. पिठीचं दुसरं पिल्लू तिच्या मांडीवर ठेवलं, नखांसकट, आणि घरी आली. मागे वळून पाहिलं तेव्हा म्हातारी त्या पिल्लाचा पंजा हातात घेऊन बसली होती. नुसता धरून, न ओढता.

हौसाचा माग चालला, पिठीचा खांब झिजला, नवा पुरला, तोही झिजला. सगळी सुखात राहिली, आणि तुमच्या आजीचं तोंड दुखायला लागलं.

झोपलास का रे, केतू? झोपला. वेणू, तू जागी आहेस, माहीत आहे मला. उद्या दुपारी आपली मांजर उन्हात झोपली की मी तुला दाखवते, गादी कशी दाबायची ते. कातर माझ्या हातात, सायीची बशी तुझ्या हातात. दोनच नखं, टोकं तेवढी. आणि आधी तुझी कापायची हं, बघ किती वाढलीत. मग तिचा पंजा गालाला लावून बघ.

आता सरक जरा भिंतीकडे. ती आलीय बघ पायथ्याशी. येऊ दे तिला. हात पांघरुणाबाहेर राहू दे, हुंगेल आणि झोपेल. तूही झोप.